पाहुण्यांचा राउंड

आमच्या कॉलनीत क्वार्टर्स मोजक्याच, आणि त्यातल्याही निम्म्यांना कुलूप. गप्पा मारायला माणसं कमी, त्यामुळे किस्से पुरवून पुरवून वापरावे लागतात. त्यांचं सुरतेच्या नव्या साडीसारखं असतं. पहिल्यांदा नेसलं की कडक, फुगून राहतात. चारदा धुतले की अंगाला बसतात. मग कोणी कोणाला काय म्हणालं होतं हे जरा इकडेतिकडे झालं तरी चालतं, घडी मोडत नाही.

मी इथे नवी, त्यात कमी बोलणारी. शेजारच्या देसाईभाभींनी तर पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर ह्यांचं नाव घेऊन विचारलं होतं, "विलासनी वहू मूंगी छे?" मी मुकी नाही, पण तसं सांगायलाही बोलावं लागलं असतं! एक फायदा झाला. मुक्या बाईसमोर लोक सगळं बोलतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्याकडे इतके किस्से साठलेत की ठेवायला जागा नाही.

त्यातले काही हसण्याचे आहेत. बाकीचे सांगतानाही आम्ही हसतो, पण एकमेकांकडे न बघता.

*

ह्यांची नोकरी विमानाच्या टॉवरमधली. सुरतेच्या कडेला, खाडीच्या बाजूला एक छोटी धावपट्टी आहे. प्रवासी विमान कधी सुरू, कधी बंद. रोज उडतात ती फ्लाइंग क्लबची दोन लहान विमानं, एक पांढरं, एक पिवळं. कुणी कधी उतरायचं, कुणी थांबायचं, हे टॉवरमधून माइकवर सांगायचं. ते काम ह्यांचं, आणि ह्यांच्यावर देसाईसाहेब.

माझं लग्न जमवताना माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, चोपड्याला आमच्या ओसरीवर बसून सांगितलं होतं, "मना पोऱ्याना हुकूमबिगर एक बी इमान खाले उतरत नही!" नाना डिंडोलीला राहतात, उभा जन्म बमरोलीच्या मिलमध्ये लूमवर काढला. त्यांच्या खानदानात टाय लावलेला पहिला माणूस म्हणजे हे.

माझ्या काकांना काही नीट कळेना. त्यांनी ह्यांना विचारलं, "म्हणजे जावईबापू, तुमचं काम वर बसून, की खाली बसून?"

हे म्हणाले, "मधे बसून."

ओसरीवर सगळे हसले. मी आत चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला उत्तर आवडलं आणि मी ट्रे घेऊन बाहेर आले. बाकी बघण्याच्या कार्यक्रमात विशेष काही झालं नाही.

*

टॉवरचा एक नियम आहे. माइकवर सांगितलेलं समोरच्याने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. "उतर" म्हटलं तर "उतरतो" असं त्याने म्हटल्याशिवाय सांगणं पुरं झालं असं धरायचं नाही.

हा नियम हे घरीही पाळायचे! डिंडोलीला गेलो की सासूबाई म्हणायच्या, "इलास, येताना दूध आन, कोथमेर आन, नि मेथी असली तं मेथी."

हे चपला घालता घालता, "दूध, कोथिंबीर, असली तर मेथी."

पहिल्यांदा मला वाटलं, आईची नक्कल करताहेत. मग एकदा मी जेवायला वाढताना हळूच म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे, वरून घ्या."

"भाजीत मीठ कमी, वरून घेतो."

नव्या नवरीची चूक अशी खणखणीत आवाजात परत वाचून दाखवली तर काय होतं? सासूबाई, नणंद, ओट्यावरून डोकावणाऱ्या शेजारणी, सगळ्यांना कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नंतर सवय झाली. आपण बोललेलं दुसऱ्याने तसंच्या तसं ऐकलंय, याची पावती रोज कुणाला मिळते? कमी बोलणाऱ्या माणसाला ती फार लागते.

*

धावपट्टीला कुंपण आहे, पण म्हशींना ते मान्य नाही. पलीकडच्या पाड्यातल्या जमनाबेनच्या म्हशी बरोबर विमान उतरायच्या वेळी आत येतात. मग देसाईसाहेब सायरन वाजवतात आणि रफिकभाई आग विझवायची जीप घेऊन हाकलायला निघतात. म्हणजे निघायचं ठरवतात. जीपची बॅटरी अशी की आधी चौघांनी धक्का मारायचा!

रफिकभाई म्हणतात, "भगवान करे आग हफ्ते का नोटिस देके लगे!"

एकदा देसाईसाहेब चिडून स्वतः जमनाबेनला रागवायला गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, तमारुं मोटुं विमान कोई वार आवे, कोई वार न आवे. मारी भेंस रोज आवे छे!"

साहेब परत आले ते थेट टॉवरमध्ये. त्या दिवशी पांढऱ्या विमानाला म्हशी जाईपर्यंत वरच घिरट्या घालायला लावल्या. खाली उतरल्यावर क्लबचे पारशी कॅप्टन, ज्यांना सगळे बावाजी म्हणतात, त्यांनी विचारलं, "देसाई, कोनो नंबर पहेलो? मारो के भेंसनो?"

*

आता पाहुण्यांच्या राउंडबद्दल.

हे कुठल्या पुस्तकात नाही. देसाईसाहेबांच्या साळ्याने सुरुवात करून दिली असं म्हणतात. तो नवसारीहून आला आणि म्हणाला, "विमान दाखवा." विमान तर उतरून शेडमध्ये उभं. त्यात काय बघायचं? तेव्हा साहेबांनी दुसऱ्या विमानाला सांगितलं की उतरू नकोस, धावपट्टीवरून अगदी खालून जा आणि पुन्हा वर चढ. शिकणाऱ्या पोरांना तसाही हा सराव करावाच लागतो. सराव तर सराव, पाहुणचार तर पाहुणचार!

तेव्हापासून कॉलनीत रीतच पडली. बारशाला कोणी आलं, राउंड. साखरपुड्याला आलं, राउंड. देसाईभाभी तर चहासारखं विचारायच्या, "राउंड थयो?" रफिकभाईंची खाला आली तेव्हा विमान इतकं खालून गेलं की तिने डोक्यावर ओढणी घेऊन सलाम केला.

नाना दर रविवारी डिंडोलीहून कुणाला ना कुणाला घेऊन यायचे. मिलमधले दोस्त, गल्लीतले, धुळ्याहून आलेले पाहुण्यांचे पाहुणे. कुंपणाजवळ उभे राहून नाना टॉवरकडे हात करायचे, हे काचेआडून हात करायचे, आणि विमान धडधडत डोक्यावरून जायचं. एकदा विमानातला पायलट दिसताच नानांच्या एका सोबत्याने आनंदाने बोंब ठोकली, "डायवर दिसना! डायवर दिसना!"

नाना थंडपणे म्हणाले, "डायवर काय दखतस? हुकूम देणारा वर बठेल शे."

मला लाज वाटायची. नानांच्या बोलण्याची, त्यांच्या मळक्या टोपीची, क्लबमधली गाडीवाली मुलं आमच्याकडे बघून हसायची त्याची. आणि आपल्याला याची लाज वाटते, याचीही! एका रविवारी मी ह्यांना विचारलंही, "हे बरं दिसतं का?"

"बरं दिसतं का," हे म्हणाले. मग चपला घालून टॉवरकडे निघाले.

*

हिवाळ्यात माझे आईवडील पहिल्यांदा सुरतेला आले. मुलीचा संसार बघायला. सोबत काका-काकू. नानांनी मिलचा कापडाचा टेम्पो मागून आणला आणि डिंडोलीचे आणखी सात-आठ जण भरले. माहेरचे डिंडोलीला उतरले होते, म्हणून मीही आदल्या रात्रीपासून तिथेच. सकाळी टेम्पोत आईशेजारी, कापडाच्या ताग्यांमध्ये बसून निघाले.

वाटेत टेम्पो बंद पडला. पोहोचायला उशीर. क्लबचं उडणं उन्हं तापायच्या आत संपतं. आम्ही कुंपणापाशी आलो तेव्हा पांढरं विमान उतरायला येतच होतं. ते हेतल चालवत होती. साड्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची, नुकतीच एकटीने उडू लागलेली. पिवळ्यात बावाजी आणि त्यांचा एक विद्यार्थी, लांब कडेला उडत.

ह्यांनी पिवळ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "पांढरं उतरतंय, तू धावपट्टीवरून आडवा पलीकडे निघून जा."

तेवढ्यात आमचा टेम्पो दिसला. आता पांढरं उतरलं की संपलं. ह्यांचे सासरे पहिल्यांदा आलेत, आणि त्यांना काय शेडमधलं विमान दाखवायचं? ह्यांनी हेतलला सांगितलं, "उतरू नकोस. खालून जा, वर चढ." तिने परत म्हणून दाखवलं, "उतरत नाही. खालून जाते, वर चढते."

आता हेच पिवळ्यालाही सांगायचं होतं. पिवळ्याचा रेडिओ जुना, खरखरणारा. इतरांशी झालेलं बोलणं त्याला धड ऐकू जात नाही, म्हणून त्याला वेगळं सांगायचं, दोनदा सांगायचं, आणि त्याने परत म्हणेपर्यंत सोडायचं नाही, ही टॉवरची सवय.

त्याच क्षणी खाली माझ्या वडिलांनी टॉवरकडे बघून हात जोडले.

सासऱ्यांनी नमस्कार केलाय. जावई वर उभा आहे. हातात माइक!

ह्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात जोडून, मान वाकवून, नीट नमस्कार केला.

पांढरं विमान आमच्या डोक्यावरून गेलं आणि नाक वर करून चढू लागलं. डावीकडून पिवळं आडवं आलं. मला काही कळायच्या आत एकाची सावली दुसऱ्याच्या पंखावर पडलेली मी पाहिली. पिवळं एका कुशीवर कलंडलं, पांढऱ्याने बुडी मारल्यासारखं केलं, आणि दोन्ही दोन दिशांना फेकल्यासारखी निघून गेली.

आमच्याकडे टाळ्यांचा कडकडाट! नाना ओरडले, "शाब्बास रे मना वाघ!" काका म्हणाले, "आणखी एकदा!" आई म्हणाली, "बाई बाई, किती सवय असेल!" मीही टाळ्या वाजवत होते.

रफिकभाई जीपला टेकून उभे होते. जीपमध्ये छोटा स्पीकर आहे, टॉवरचं बोलणं त्यात ऐकू येतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. माझे हात तिथेच थांबले.

स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. मग बावाजींचा आवाज आला, अगदी मऊ. "टावर... दिकरा... तू छे के त्यां?"

*

दोन्ही विमानं उतरली. हेतल खाली उतरली, पण पंखाला धरून उभीच राहिली.

आमच्या मंडळींना थांबवणार कोण? मी तोंड उघडेपर्यंत सगळे कुंपणाच्या फाटकातून आत! नानांनी माझ्या वडिलांसाठी आणलेला झेंडूचा हार हेतलच्या गळ्यात घातला. काकूने पिशवीतला खोबऱ्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला. आईने पुढे होऊन तिच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

हेतल आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली.

आई तिच्या पाठीवर थोपटत मला म्हणाली, "माहेरी गेली नाही वाटतं बरेच दिवस."

बावाजी लांब उभे होते. त्यांनी एकदा आमच्या घोळक्याकडे पाहिलं, एकदा टॉवरकडे. नानांनी त्यांच्याही हातावर लाडू ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही, टाकलाही नाही. लाडू हातात धरून टॉवरचा जिना चढून गेले.

हे दुपारी जेवायला घरी आले तेव्हा पंगत बसली होती. वडिलांनी शेजारी पाट मांडून घेतला. मी वाढत होते. म्हटलं, "भात गरम आहे, जपून."

ह्यांनी थेट त्या भातात हात घातला.

*

चौकशीला बाहेरून दोन साहेब आले. हा भाग मला ह्यांनी सांगितला नाही, देसाईभाभींनी सांगितला. देसाईसाहेब खोलीतच होते. त्यांनी आदल्या दिवशी ह्यांना समजावलं होतं की सराव म्हणायचं, रेडिओ खराब म्हणायचं, संपलं. पाहुण्यांचं काढू नकोस, नाहीतर माझ्या साळ्यापासूनचं सगळं निघेल!

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "पिवळ्या विमानाला का नाही सांगितलं?"

"माइक खाली ठेवला होता, सर."

"का?"

"नमस्कार करायला."

"कोणाला?"

"सासऱ्यांना, सर."

दोघांतले एक साहेब मराठी होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "एका हाताने नसता चालला?"

हे म्हणाले, "पहिल्यांदाच आले होते, सर."

ह्यांच्या हातातला माइक गेला. पुन्हा परीक्षा, पुन्हा देखरेखीखाली काम, आणि त्यातही पास झाले तरच माइक. नाहीतर कुठल्यातरी कचेरीत टेबल. तोवर वारा मोजायचा आणि तापमान लिहायचं. पाहुण्यांचे राउंड बंद. देसाईसाहेबांना ताकीद मिळाली आणि देसाईभाभींनी आमच्याकडे विरजण मागणं सोडलं.

हेतलने क्लबला येणं बंद केलं. बावाजी ह्यांना येताजाता "केम छे दिकरा" म्हणत. ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

आणि एसटीडी बूथवर माझे वडील चोपड्याहून मला सांगत होते, "अगं, सगळ्या गल्लीत सांगितलं मी. एवढ्या मोठ्या कामात असून माणसाने दोन्ही हातांनी नमस्कार केला! हल्ली मान देतं कोण?"

काचेवर मीटरचे आकडे पळत होते. बाहेर रांगेतली बाई घाई करत होती. मी म्हटलं, "हो अण्णा."

*

परीक्षा हे पास झाले. वरचे साहेब म्हणाले, पुढच्या रविवारपासून माइक घे. हे म्हणाले, "बघतो." देसाईसाहेबांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हाही "बघतो." आमच्या घरात बोललेलं परत म्हणून दाखवणं कधीच थांबलं होतं. मी मीठ कमी म्हणो, जास्त म्हणो, ताटाकडे बघून जेवायचे.

त्याच आठवड्यात डिंडोलीला चुलत दिराची हळद होती. मांडवात गर्दी. नाना मध्यभागी. त्यांचा तो किस्सा आता चांगला धुऊन मऊ झाला होता. दोन तळहात हवेत एकमेकांजवळ आणत ते सांगत होते, "दोन इमानं आशी जोडे उनात, आशी जोडे, की मधमा हात बी जावाव नही! व्याही देखतच राह्यनात! आनि हाई बठ्ठं कोनी कयं? मना पोऱ्यानी!" मग ह्यांच्याकडे वळून, "सांग रे भाऊ, तू सांग बठ्ठासले. आते पुढला रईवारले पुन्हा दखाड."

हे उठून उभे राहिले. हळदीचं बोट गालाला लागलेलं. मला वाटलं, हसून टाळतील.

"नाना, ते दाखवलं नव्हतं," हे म्हणाले. "माझी चूक होती. अण्णांना नमस्कार करायला मी माइक खाली ठेवला. त्या दोन विमानांत तीन माणसं होती. तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा ती मरता मरता राहिली."

ढोलकीवाल्याचा हात थांबला. नानांचे दोन तळहात हवेतच होते. एकमेकांच्या जवळ, मधे हात जाणार नाही इतके जवळ. ते त्यांनी तसेच हळूहळू खाली आणले आणि मांडीवर ठेवले.

कुठल्याशा आत्याबाई हळूच म्हणाल्या, "माय वं! आनि आम्ही त्या पोरले लाडू दिधा!"

कुणी हसलं नाही. मी खाली बघत होते. माझ्या पायांना हळद लागली होती आणि ती मी पुसत बसले.

परत येताना बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून होते. मी म्हटलं, "रविवारी जा तुम्ही."

उधना गेलं, पुढचा स्टॉप गेला. मग खिडकीलाच म्हणाले, "रविवारी जातो."

*

रविवारी हे गेले. मी कपडे वाळत घालत होते, तर फाटकावर तोच टेम्पो! पुढे नाना, मागे तीच सगळी डिंडोलीची मंडळी. आत्याबाईसुद्धा. धुतलेले कपडे, नानांची टोपीही या खेपेला पांढरीशुभ्र.

मी ओल्या हातांनीच धावले. "नाना, आज नको. आज ते पहिल्यांदाच पुन्हा..."

"माले ठाऊक शे, बेटा," नाना म्हणाले. एवढं सगळं मी एका दमात बोलले याचं त्यांना जास्त नवल वाटलेलं दिसलं.

त्यांनी सगळ्यांना कुंपणापासून चांगलं लांब, एका ओळीत उभं केलं. मग ओळीसमोरून चालत, मिलमधल्या जॉबरसारखं, मुकादमासारखं, एकेकाकडे बघत म्हणाले, "कोन्ही हात वर कराना नही! त्याले नमस्कार कराना पडस!"

सगळ्यांनी हात मागे बांधले. नानांनीही बांधले. आत्याबाईंनी पदराच्या आत घेतले.

शेडजवळ क्लबची मुलं उभी होती. ती आमच्याकडे बघून एकमेकांना कोपरं मारत होती. शाळेत अंगठे धरायला उभं केल्यासारखी ही ओळ, डिंडोलीची, रणरणत्या उन्हात, हात पाठीमागे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी टॉवरकडे पाहिलं. काचेआड ह्यांची पाठमोरी आकृती होती, हातात माइक. आमच्याकडे एकदाही वळली नाही.

आकाशात पांढरं विमान दिसलं. रफिकभाई म्हणाले, "हेतलबेन है. बावाजी घर जाके लेके आये." पिवळं लांब, खूप लांब, खाडीवर घिरट्या घालत होतं.

जीपच्या स्पीकरमधून ह्यांचा आवाज आला. मग हेतलचा, तेच शब्द. मग पुन्हा ह्यांचा, पिवळ्यासाठी, दोनदा. आणि बावाजींचा, तेच शब्द, एकेक अक्षर सुटं करून.

पांढरं विमान आलं, चाकं टेकली, जरा उसळलं, पुन्हा टेकली, आणि घरंगळत शेडकडे गेलं. मागून बऱ्याच वेळाने पिवळं आलं, उतरलं, तेही शेडकडे गेलं. पंखे थांबले. इतकं शांत झालं की पलीकडे जमनाबेनच्या म्हशींच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

नानांनी हात सोडले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

एकट्याने. सावकाश, जोरजोरात. मग आत्याबाईंनी, मग टेम्पोवाल्याने, मग सगळ्यांनी. क्लबची मुलं आता उघड हसत होती. बावाजी विमानातून उतरून कपाळाचा घाम पुसत आमच्याकडे आले. एकदा धावपट्टीकडे पाहिलं, एकदा विमानांकडे, मग नानांकडे.

"अरे काका, ताळियो शेनी? किस बात का ताली? हुआ क्या?"

नाना टाळ्या थांबवायला तयार नव्हते. वाजवता वाजवताच म्हणाले,

"कुछ नहीं हुआ, साहेब. उसीच का!"